आमसुलाची चौथी नळी

थुंकीच्या आठवणी कुणी लिहीत नाही. लिहायला हव्यात असं माझं मत आहे, कारण माझं शिक्षण थुंकीमुळे वाचलं. तेही माझ्या नव्हे, माझ्या आईच्या.

दोन हजार दोन सालच्या आसपासची गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातल्या शाळेला अकरावी-बारावीची शास्त्र शाखा नुकतीच जोडली होती. पक्की मान्यता अजून मिळायची होती. त्यासाठी तपासणीचे साहेब येणार, प्रयोगशाळा बघणार, मुलांकडून एक प्रयोग करवून घेणार, आणि त्यांना पटलं नाही तर शाखा बंद होणार. बंद झाली तर मुलग्यांना मालवणला धाडलं असतं. मुलींचं काय होणार हे कुणी बोलत नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे तर मालवणची पहिली एसटी सुटायची त्याच वेळेला होड्या किनाऱ्याला लागायच्या. होडी लागली की बाबा जाळी सोडवणार, आई मासे निवडून पाटीत भरणार आणि मी बर्फ फोडणार. तो बर्फ सोडून मला मालवणला कोण पाठवणार होतं? म्हणजे शाळा गावात राहिली तरच मी शिकणार, नाहीतर बर्फ. मला बर्फाचा मनापासून राग होता.

आम्हाला जीवशास्त्र शिकवायला घाटावरच्या एक मॅडम होत्या. वयानं तरुण, अंगानं बारीक, आणि बांगड्याचा काटा घशात अडकला की डोळ्यांत पाणी आणून हसणाऱ्या. फळ्यावर चित्र काढून त्यांचं समाधान व्हायचं नाही. विकरं, म्हणजे एन्झाइम, शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आम्हाला वर्गातून उठवलं आणि मैदानात नेऊन एका रांगेत हात धरून उभं केलं.

"तुम्ही सगळे मिळून एक प्रथिन," त्या म्हणाल्या. "एक लांब दोरा. प्रत्येकजण त्यातला एक मणी."

मग त्यांनी काहींच्या कानामागे जास्वंदीचं फूल खोवलं. हे मणी पाण्याला भिणारे, तेलासारखे. ज्यांना फूल मिळालं नाही ते पाणी आवडणारे. मैदान म्हणजे पाणी. हुकूम एवढाच, की हात सोडायचा नाही. फूलवाल्यांनी आत लपायचं, बाकीच्यांनी बाहेर राहायचं, आणि ज्या जोड्या त्यांनी नेमून दिल्या होत्या त्यांनी संधी मिळेल तेव्हा एकमेकांचा खांदा पकडायचा.

पहिल्या खेपेला आमची अक्षरशः गुंतवळ झाली. कुणाची वेणी कुणाच्या बटणात, कुणाची चप्पल कुणाच्या पायाखाली, आणि दोन मुलगे हसता हसता खालीच बसले. दुसऱ्या खेपेला मात्र काय झालं कोण जाणे, फुलं आत गेली, बाकीचे बाहेर आले, खांदे पकडले गेले आणि आमचा एक घट्ट गोळा तयार झाला. त्या गोळ्याला एका बाजूला खोबण राहिली होती. त्या खोबणीच्या एका काठावर मी होते आणि दुसऱ्या काठावर माझी बाकावरची मैत्रीण.

"हलू नका!" मॅडम ओरडल्या आणि पाचवीतली पोरं हात धरून एका रांगेत आमच्याकडे सोडली. "हा पिष्ट. म्हणजे तुमच्या पेजेतला तांदूळ."

पोरांची रांग खोबणीत शिरली. तिथं जागा एवढी अडचणीची, की त्यांना वाकडं व्हावंच लागलं, आणि वाकडं झालेले हात सोडवणं मला आणि मैत्रिणीला अगदी सोपं गेलं. आम्ही दोन दोन पोरं मोकळी करत गेलो. जोडी बाहेर पडायची आणि किंचाळत शेवग्याच्या झाडाकडे पळायची. रांग संपली तरी आम्ही होतो तशाच उभ्या, पुढच्या रांगेला तयार.

"बघा, विकर स्वतः खर्च झालं का?" मॅडमनी विचारलं.

खर्च कोण होतंय! आम्हाला तर अजून पोरं तोडायची होती.

मग मॅडमनी टाळी वाजवली. "आता आंबट पडलं!" याचा अर्थ खांदे सोडायचे. आम्ही सोडले. गोळा सैल झाला, खोबण गेली, फूलवाले उघड्यावर आले. हातात हात तेवढे राहिले, म्हणजे दोरा शाबूत होता, पण पाचवीची पोरं आमच्यामधून सरळ निघून गेली आणि एकही जोडी सुटली नाही. दोरा तुटत नाही, घडी मोडते, आणि घडी मोडली की काम थांबतं, हे मी त्या दिवशी शिकले. ते जन्मात विसरणार नाही असंही मला वाटलं होतं. ते खोटं ठरलं, पण ते पुढे येईल.

मैत्रिणीनं विचारलं, "मॅडम, पण खऱ्या दोऱ्याला कोण सांगतं अशी घडी घाल म्हणून?"

"कुणीच नाही. त्याचं तोच घालतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत घालतो. एकेक करून सगळ्या तऱ्हा करून बघायच्या म्हटल्या तर जगाचं वय पुरणार नाही. मग नेमकी कशी घालतो, ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही."

शिक्षकाच्या तोंडून 'कळलेलं नाही' हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला इतका आनंद झाला, की घरी जाईपर्यंत मी उड्या मारत होते. कळायचं बाकी आहे म्हणजे माझ्यासाठी काहीतरी शिल्लक आहे, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी आरएनए शिकवला. पुस्तकात तो निरोप्या होता. इकडचा निरोप तिकडे पोचवायचा, बस. वर्गात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण गावात निरोप्या मीच होते. उद्या सुरमय हवी की पापलेट, हे घरोघर विचारून आईला सांगायचं काम माझं. सगळे मला हसताना बघून मॅडम म्हणाल्या, "हसू नका. काही आरएनए स्वतःच घडी घालून विकराचं कामही करतात. प्रथिनाचे मणी जिथं ओवले जातात ना, तिथली ओवणारी जागासुद्धा आरएनएचीच आहे, असं आता सापडलंय." निरोप्या नुसता निरोप देऊन परत फिरत नाही, पदर खोचून कामाला लागतो, हे मला फारच आवडलं. मैत्रिणीला मी दिवसभर तेच सांगून वैताग आणला.

साहेबांसमोर करायला मॅडमनी थुंकीचाच प्रयोग निवडला. कपाटात दुसरं काही नव्हतंच म्हणा. पिष्टाची भुकटी संपली होती, पण पेज प्रत्येक घरात होती. पेजेची निवळ तीन परीक्षानळ्यांत घ्यायची. पहिलीत नुसती निवळ, दुसरीत निवळ आणि थुंकी, तिसरीत निवळ आणि उकळलेली थुंकी. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात नळ्या ठेवायच्या आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घेऊन त्यात आयोडीन घालायचं. पिष्ट असेल तर निळंकाळं होणार. थुंकीतल्या विकरानं पिष्ट तोडलं असेल तर निळा रंग येणारच नाही. उकळलेली थुंकी बिनकामाची, कारण उकडलेल्या अंड्यासारखी तिची घडी कायमची मोडलेली.

सराव केला तेव्हा प्रयोग झाला झक्क, पण थुंकी पुरेना. एकतर आमच्यात उष्ट्याचा बाऊ. दुसऱ्याच्या थुंकीच्या पेल्याला हात लावायला कुणी तयार नाही. दुसरं म्हणजे 'थुंका' म्हटलं की हसू येऊन तोंडं कोरडी पडायची. मॅडमना काळजी पडली. साहेबांसमोर घाबरून आणखीच कोरडी पडली तर?

"मॅडम, थुकीचा माझ्यार सोडा," मी छाती पुढे काढून म्हटलं.

तपासणीच्या दिवशी मी घरातून आमसुलांची पुडी भरून नेली. आमच्याकडे कढीत आमसूल, आमटीत आमसूल, पित्तावर आमसूल. मग थुंकीवर का नको? प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलं. गालात धरताच तोंडं पाझरायला लागली. काचेचा पेला बघता बघता अर्धा भरला. थुंकी गुलाबी दिसत होती आणि तिच्यात आमसुलाचे दोन तुकडेही पडले होते, पण एवढी थुंकी शाळेच्या इतिहासात जमली नसेल. मॅडमचंही तोंड कोरडं पडलं होतं, त्यांनीही एक आमसूल तोंडात टाकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी हवेत होते.

हेडसरांनी सकाळीच नारळ ठेवून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं आणि आम्ही मागे उभं राहून प्रत्येक मागणीला 'होय म्हाराजा' म्हटलं होतं. ते जिभेवर तसंच राहिलं असावं. साहेब जीपमधून उतरून प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "काय, झाली का तयारी?" तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "होय म्हाराजा!"

हेडसरांनी कपाळाला हात लावला. साहेब हसले नाहीत. हेडसरांनी घाईघाईनं कोकम सरबत मागवलं, साहेबांना दिलं आणि सोबत म्हणून स्वतःही घेतलं. उन्हातून आलेल्या साहेबांनी दुसरा पेला मागून घेतला.

प्रयोग मी करत होते. पहिल्या नळीचा थेंब निळाकाळा, बरोबर. दुसऱ्या नळीचा थेंब निळाकाळा. अजून वेळ आहे, मी स्वतःला म्हटलं. पुन्हा थेंब घेतला, निळाकाळा. पुन्हा घेतला, तेच. तिसरी नळी निळी राहायचीच होती, ती इमानानं राहिली. फरशीवर निळ्या ठिपक्यांची रांग लागली आणि साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

"प्रयोग होत नाहीये," ते शांतपणे म्हणाले. "का होत नाहीये?"

मॅडमच्या गालात अजून आमसूल होतं. त्यांनी ते चघळणं एकदम थांबवलं, डोळे मोठे केले आणि माझ्याकडे बघितलं. मी पेल्यातल्या गुलाबी थुंकीकडे बघितलं. आंबट! मैदानात टाळी वाजली तेव्हा खांदा सोडणारी मी, आणि घरून आमसुलं आणणारीही मीच. जे मला खेळात येत होतं ते तोंडात आलं नव्हतं. डोळ्यांपुढे बर्फाची लादी दिसायला लागली, आणि बहुधा तिच्याच रागानं मी तोंड उघडलं.

"सर, आंबटामुळे घडी मोडली," मी म्हटलं.

"कसली घडी?"

मग मी बोलतच सुटले. दोरा, मणी, जास्वंदीची फुलं, खोबण. मधेच वाटलं, नुसतं बोलून हे कळायचं नाही, म्हणून मी समोरच्या बाकांवरच्या पोरांना हात धरून उठवलं आणि त्यांनी तिथल्या तिथे टेबलांच्या मधल्या जागेत गोळा करून दाखवला. मी "आंबट!" म्हणून ओरडले आणि गोळा सुटला. एक स्टूल पडलं. साहेब भिंतीला पाठ लावून उभे होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "हे तुमचं म्हणणं झालं. मला सिद्ध करून दाखवा. आंबट न खाल्लेली थुंकी आणा."

आणि मग आमच्या लक्षात आलं, की अख्ख्या शाळेत तसं एकही तोंड उरलेलं नाही. आमच्या वर्गानं आमसूल खाल्लेलं. मॅडमनी खाल्लेलं. हेडसर सरबत प्यालेले. साहेब तर दोन पेले प्यालेले. खालचे वर्ग, त्यांच्या शिक्षकांसकट, तपासणीचा गोंधळ नको म्हणून लवकर सोडून दिलेले. जीपच्या ड्रायव्हरकडे मोठ्या आशेनं गेलो, तर त्याच्या गालात तंबाखूची गोळी. आज मी सांगू शकते, की नीट चूळ भरून थोडा वेळ थांबलो असतो तर आमच्यापैकी कुणाचीही थुंकी चालली असती. तोंड आपलं आंबट आपणच धुऊन काढतं. पण त्या वेळी हे मॅडमनासुद्धा सुचलं नाही. आम्ही खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

फाटकाजवळच्या रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली माझी आई रिकामी पाटी पालथी घालून बसली होती. कट्टा गावच्या बाजारात मासे विकून दुपारच्या गाडीनं परत आली होती आणि आत काय चाललंय ते कुणाला न विचारता कळतंय का, याची वाट बघत होती. मी धावत गेले.

"आये, काय खाल्लंस आज?"

"सकाळी पेज. मगे खंय येळ गावलो?"

"आमसूल? सोलकढी? सरबत?"

"नाय गो. झाला काय?"

"चल. तुका थुकूचा आसा."

"खंय?"

"वरती. सायबासमोर."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला ऊन लागलंय की काय. "लाज नाय वाटत तुका? थुकी ती. सायबाक दाखवतत ती?"

"आये, नायतर उद्यापासून माका बर्फ फोडूक लागतलो."

ती उठली. नळावर चूळ भरली, पाय धुतले, केस सारखे केले आणि प्रयोगशाळेच्या दारातून आत आली. शाळेच्या वर्गात ती पहिल्यांदाच येत होती. साहेबांनी तिला नमस्कार केला, तिनं उलट केला. मी नवा पेला हातात दिला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पदर आडवा धरला आणि जे काम होतं ते चोख केलं.

नवी नळी. निवळ, आईची थुंकी, कोमट पाणी. पाणी किती कोमट ते आईनंच बोट बुडवून सांगितलं. मी पहिला थेंब घेतला, तो निळा झाला. दुसरा निळाच, पण जरा फिका. तिसरा तांबूस. त्यानंतरच्या थेंबात आयोडीन पडलं आणि पिवळंच राहिलं. निळ्याचा मागमूस नाही.

"रंग गेलो गो!" आई ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

वर्गानं काय केलं ते सांगता येत नाही. टाळ्या, बाक, सगळं एकदम. मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. मी आईला मिठी मारली, तिच्या अंगाला माशाचा वास येत होता आणि तो मला इतका आवडला, की मी सोडेचना.

साहेबांनी पुढे होऊन स्वतः थेंब घेतला, स्वतः आयोडीन घातलं. पिवळं. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "काय केलंत हो तुम्ही?"

"काय नाय सायबानू," आई म्हणाली, "थुकलंय."

तेव्हा ते हसले. हसल्यावर बराच वेळ हसतच राहिले. मग आमसुलाच्या नळीवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, पुस्तकात तीनच नळ्या आहेत. ही चौथी त्यात नाही."

"नाही सर."

"असू दे इथं. काढू नका."

शाखा राहिली. पुढच्या जूनमध्ये पक्की झाली, मी बारावी झाले, मग बीएस्सी, मग एमेस्सी, आणि आता दोन हजार दहा साली त्याच प्रयोगशाळेत मीच उभी असते. घडी पुरती कळलेली अजूनही नाही, आणि मी वर्गात तसंच सांगते. आमच्याकडे या प्रयोगाला चार नळ्या लागतात. बाहेरून आलेला परीक्षक दरवर्षी विचारतो आणि मुलं दरवर्षी त्याला हसतात. बाजारात आई मात्र कुणी शाळेचं नाव काढलं, की सुरी बाजूला ठेवून ऐकवते, "त्यांचा सायन्स माझ्या थुकीर उभा आसा." गिऱ्हाईकांना वाटतं तिचं डोकं फिरलंय.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या दिवशीची घरची वाट. आम्ही दोघी पुळणीतून, किनाऱ्याच्या वाळूतून, चाललो होतो. पाटी आज माझ्या डोक्यावर होती. निम्म्या वाटेवर आई थांबली.

"ती घडी... माझ्या तोंडात पण आसा?"

"आसा मां. म्हणान तर रंग गेलो."

"मी शाळेत जावक नाय तरी?"

"तिका कोण शिकवणा नाय आये. ती आपली आपण घालता."

तिनं जीभ गालात फिरवून बघितली. एवढी वर्षं आपल्याच घरात कुणीतरी गुपचूप राबत होतं, हे आज कळावं तसा तिचा चेहरा झाला होता.

"म्हणजे ह्यां सगळां माझ्यात पयल्यापासून होतां?"

"होय."

"आणि माका कोणी सांगूक नाय?" ती खरोखर रागावली होती. डोळे भरले होते. "इतक्या वर्सांत एकान पण सांगूक नाय?"

मी पाटी सावरून तिचा हात धरला.

"आता मी सांगलंय मां," मी म्हटलं.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि चालायला लागली. "मगे सगळ्यांका सांग," ती म्हणाली.

मी सांगते आहे.